शाळा सुटल्यावर पोरं सांभाळताय? मग तपासणी स्वतःच लावून घ्या

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. पहिली ते सातवीची पोरं शाळा सुटल्यापासून आईबाबा कामावरनं येईपर्यंत सांभाळायची म्हटलं तर त्याला एकच परवाना, एकच ऑफिस, एकच साहेब असं काही नाही. लोक विचारतात, ताई लायसन कुठं काढलं ओ, आणि उत्तर ऐकून गोंधळतात, कारण थोडं कामगार खात्याकडं, थोडं अन्न व औषध प्रशासनाकडं, थोडं पोलिसात, थोडं महापालिकेच्या अग्निशमनकडं असं ते विखुरलेलं आहे. केंद्र सरकारने २०१८ ला पाळणाघरांसाठी किमान निकष काढले पण ते सहा महिने ते सहा वर्षांच्या पोरांसाठी, शाळेचे नियम शाळेच्या गेटपर्यंत, आणि मधले हे दुपारचे तीनचार तास कुणाच्याच वहीत नीट बसत नाहीत.

ह्यावर काहीजण म्हणतात, मग बरंच आहे की, विचारणारच कोण. मला विचाराल तर नेमकं ह्याच कारणासाठी तपासणी आपण होऊन बोलवावी, आणि ती पण अचानक येणारी. अमेरिकेत सरकारी अनुदान घेणाऱ्या परवानाधारक केंद्रांची वर्षातनं किमान एकदा न कळवता तपासणी करायची असा २०१४ च्या कायद्यात नियम आहे आणि तो रिपोर्ट पालकांना नेटवर वाचायला मिळतो. आपल्याकडं तसं होईल तेव्हा होईल, तोवर काय करायचं ते सांगते. हे सगळं सांगली-मिरज-कुपवाडच्या हिशोबाने लिहिलंय, साताऱ्याच्या ताईंनी पुराचा भाग सोडून बाकी तसंच्या तसं घ्या.

कागदपत्रं, लवकर उरकू

शॉप ॲक्ट पहिला. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यात २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीसपेक्षा कमी (आधी दहापेक्षा कमी) माणसं कामाला असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, ती पावती प्रिंट काढून भिंतीला लावा. बँकेत करंट खातं उघडायला पण तीच लागते.

पोरांना नाश्ता, जेवण तुम्ही करून देताय आणि त्याचे पैसे घेताय तर फूड लायसन पाहिजे, छोट्या कामाला बेसिक रजिस्ट्रेशन चालतं, फॉस्कॉस ह्या फूड लायसनच्या सरकारी साइटवर घरबसल्या होतं. एजंटला भरमसाट पैसे देऊ नका.

भाड्याची जागा असेल तर भाडेकरारात "मुलांच्या देखभालीचं केंद्र" असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "राहण्यासाठी" लिहिलेलं असेल तर उद्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांना दुपारी झोप लागेना की पहिलं भांडण त्यावरनंच होतं. सोसायटी असेल तर त्यांचं पण पत्र घ्या. वीज मीटरचं पण बघा, घरगुती मीटरवर धंदा चालवला आणि महावितरणने पकडलं तर विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने बिल लावतात. तुमचा वापर किती, कुठल्या दरात बसतो ते त्यांच्या ऑफिसात अर्ज करून लेखीच घ्या, खिडकीवरचा माणूस तोंडी काय म्हणाला त्याला नंतर कुणी विचारत नाही.

बिल्डिंगला आगीची यंत्रणा लागू असेल तर २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार मालकाने किंवा जागा वापरणाऱ्याने वर्षातनं दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं की यंत्रणा चालू स्थितीत आहे. अपार्टमेंटमध्ये जागा घेताना चेअरमनना हे प्रमाणपत्र मागा. बहुतेक ठिकाणी "बघतो, शोधतो" असं उत्तर येतं. त्या उत्तरावरनं तुम्हाला बिल्डिंगचं कळायचं ते कळतं.

माणसं

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा, त्याचे नवीन नियम २०२० चे. त्या नियमांत सरळ लिहिलंय की मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या कुठल्याही संस्थेने, शाळा असो, पाळणाघर असो, खेळाची अकादमी असो, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करून घ्यायची आणि ती ठरावीक काळाने परत करायची. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर चारित्र्य पडताळणीचा अर्ज होतो, फी भरायची, कागद अपलोड करायचे, मग स्थानिक पोलीस स्टेशनमधनं बोलावणं येतं.

आता इथं सगळे कुठं कमी पडतात तर यादी करताना. मावशींचं आणि टीचरचं करतात आणि विषय संपवतात. आठवड्यातनं दोनदा येणारे कराटे सर? डान्स टीचर? पोरांना शाळेतनं आणणारा रिक्षावाला, तो नसेल तेव्हा येणारा त्याचा मेव्हणा? आणि घरातच केंद्र चालवत असाल तर तुमच्या घरातली माणसं? नवरा, दीर, सुट्टीला आलेला पुतण्या, वर भाड्याने राहणारा मुलगा, सगळे त्या पोरांच्या वावरात येतात. घरच्यांची पडताळणी म्हटलं की घरात तोंडं वाकडी होतात, मला कळतंय ते. सरळ सांगायचं, नियम सगळ्यांना एकच आणि पहिला अर्ज माझा स्वतःचा भरलाय.

पडताळणीचा कागद मिळाला म्हणजे माणूस देवमाणूस झाला असं पण नाही. त्या कागदाने एवढंच कळतं की आजवर पोलिसात नोंद नाही. म्हणून रोजचा नियम लागतो, एकट्या मुलासोबत एकटं मोठं माणूस बंद दाराआड नाही, अभ्यास घेताना नाही, कपडे बदलताना नाही, "जरा समजावून सांगतो" म्हणून पण नाही. दार उघडं ठेवायचं. टॉयलेटला आतनं कडी असावी पण अशी की अडकलं पोरगं तर बाहेरनं नाण्याने फिरवून उघडता यावी. सीसीटीव्ही गेटवर, हॉलमध्ये, जिन्यात, टॉयलेट आणि कपडे बदलायच्या खोलीत अजिबात नाही. आणि लाईव्ह लिंक सगळ्या पालकांच्या ग्रुपवर टाकायची जी फॅशन आलीय ती मला बिलकूल पटत नाही, तुमच्या पोराला बघता बघता चाळीस घरं दुसऱ्याच्या पोरीला पण बघतात आणि कुठला मोबाईल कुणाच्या हातात असतो काय सांगावं.

काही संशय आला तर? पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं, किंवा असं काही घडेल अशी नुसती भीती जरी वाटली, त्याने पोलिसांना कळवायचंच आहे. लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्था चालवणाऱ्याने आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत आणि वर दंड. चांगल्या हेतूने कळवलं तर तुमच्यावर केस होत नाही, हे पण कायद्यातच आहे. मीटिंग बोलवायची नाही, "आधी आपण चौकशी करू" नाही, पोराला चार जणांसमोर चार वेळा तेच विचारायचं नाही. एकदा शांतपणे ऐकायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, तारीख वेळ टाकायची आणि कळवायचं. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, ११२ पोलीस. बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ च्या जीआरमध्ये शाळांना सीसीटीव्ही, तक्रार पेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी सांगितलीय, तो जीआर डाउनलोड करून वाचा, शाळांसाठीचा असला तरी आपल्याला जसाच्या तसा वापरता येतो. पेटी मात्र पोराच्या उंचीला आणि जिथं कॅमेरा नाही अशा जागी लावा, आणि उघडताना एक पालक सोबत पाहिजे.

गेट, ग्रील आणि चपला

आपल्याकडची घरं चोर आत येऊ नये म्हणून बांधलेली असतात, आतला माणूस पटकन बाहेर कसा पडेल ह्याचा विचार त्यात नसतो. खिडक्यांना वेल्डिंग केलेलं ग्रील, पुढं सरकतं लोखंडी गेट, मागचं दार पावसाळ्यात फुगतं म्हणून कायमचं बंद आणि त्याच्यापुढं कपाट सरकवलेलं. वर आपण काय करतो, पोरं रस्त्यावर पळू नयेत म्हणून गेटला आतनं कुलूप, आणि किल्ली मावशींच्या पिशवीत, पिशवी स्वयंपाकघरात. आता आग स्वयंपाकघरातच लागली तर किल्ली कुठं आहे बघा.

कुंभकोणमला २००४ मध्ये शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ लहान पोरं गेली. सुरतला २०१९ मध्ये कोचिंग क्लास वरच्या मजल्यावर होता, जिन्यातनं उतरता येईना म्हणून पोरांनी खिडकीतनं उड्या मारल्या, २२ गेली. दोन्हीकडं बाहेर पडायची धड वाट नव्हती.

मग करायचं काय. गेटचं कुलूप काढून टाका, त्याजागी वरच्या बाजूला, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, चावीशिवाय आतनं उघडणारी कडी लावून घ्या, पोराचा हात पोचत नाही आणि मोठ्याला दोन सेकंद लागतात. फॅब्रिकेशनवाल्याकडनं निदान एका खिडकीच्या ग्रीलला बिजागऱ्या लावून उघडणारा भाग करून घ्या. मागच्या दाराला सुताराकडनं रंधा मारून घ्या आणि ते कपाट हलवा, आजच हलवा. जिन्याखाली आणि जिन्यात जुनी सायकल, रद्दी, गणपतीच्या मखराचं थर्माकोल असलं काही ठेवू नका. गच्चीच्या कठड्याला, जिन्याच्या कठड्याला फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि आडवे पाइप असतील तर पोरं शिडीसारखी चढतात, उभे पाहिजेत.

आणि चपला! पंचवीस पोरं म्हणजे पन्नास चपला, त्या सगळ्या नेमक्या दारात, एकावर एक. पळताना पहिलं पोरगं तिथंच अडखळणार आणि बाकीची त्याच्यावर. चपलांचं रॅक दारापासनं बाजूला, भिंतीला लावून ठेवा आणि पोरांना सांगून ठेवा, शिट्टी वाजली की चपला नाही, दप्तर नाही, वॉटरबॅग नाही, तसंच अनवाणी बाहेर.

ड्रिल महिन्यातनं एकदा. पहिली सांगून घ्या, नाहीतर लहान पोरं रडतात. दुसरीपासनं न सांगता. तिसरी जरा वाकडी घ्या, एक ताई लाल ओढणी घेऊन मेन दारात उभी राहील आणि म्हणेल इथं आग आहे, आता दुसरीकडनं निघा. इथं खरी गंमत कळते, कारण सगळ्यांना एकच वाट पाठ असते. बाहेर एक ठरलेली जागा पाहिजे, समोरचं झाड किंवा लाईटचा खांब, रस्ता ओलांडायला लागू नये. तिथं हजेरीपुस्तक बघून नावानं हाक मारायची, डोकी मोजून भागत नाही, कारण शेजारचं एखादं पोरगं गंमत बघायला येऊन उभं असतं आणि आकडा बरोब्बर जुळतो. हजेरीपुस्तक म्हणून दारापाशीच खिळ्याला टांगलेलं, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. वेळ, किती पोरं, काय चुकलं, दोन ओळी वहीत.

आग विझवायचा सिलेंडर एबीसी पावडरचा घ्या, आयएसआय मार्क बघून. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे दर महिन्याला बघायचं, पिन आणि सील जाग्यावर आहे का, टॅगवर रिफिलची तारीख काय. तो कपाटावर नाही, दाराजवळ, हाताला येईल असा. आणि तो कसा मारायचा हे मावशींना एकदा हातात देऊन शिकवा, पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, इकडून तिकडं फिरवा. ज्वाळेच्या शेंड्यावर मारून काही होत नाही.

विजेचं एकच सांगते, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, लोक तिला ईएलसीबीच म्हणतात, आणि तिच्यावर टेस्टचं बटण असतं ते महिन्यातनं एकदा दाबून बघा. दाबल्यावर लाईट गेली पाहिजे. नाही गेली तर ती नुसती शोभेची.

स्वयंपाकघर

घरगुती १४.२ किलोचा लाल सिलेंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा कमर्शियल घ्यावा लागतो. महाग पडतो, माहीत आहे, फी ठरवतानाच तो धरा. रबरी नळी सुरक्षा होज म्हणून मिळते ती, पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साठतो, त्यामुळं वास आला तर खिडकीबरोबर दार पण उघडायचं, बटण दाबायचं नाही, फॅन पण लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करून पोरं बाहेर. गळतीसाठी १९०६ नंबर आहे. स्वयंपाकघराला अर्ध्या उंचीचं दार लावलं तर पोरं आत येत नाहीत आणि मावशींचं लक्ष पण बाहेर राहतं.

टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच खडूने लिहा. फिल्टर असला तरी टाकीत मेलेली पाल असेल तर काय उपयोग. ॲलर्जीची यादी गॅसच्या वर भिंतीला, शेंगदाणा, दूध, अंडं, कुणाला काय चालत नाही ते नावासकट. शेंगदाण्याचं कूट आपल्याकडं कशात नसतं सांगा, खिचडीत, कोशिंबिरीत, भाजीत, म्हणून हे नीट विचारून घ्या, "काय ॲलर्जी आहे का" एवढं विचारलं की पालक नाही म्हणतात आणि "शेंगदाणे खाल्ल्यावर ओठ सुजतात का" म्हटलं की आठवतं.

किती पोरांना किती माणसं

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तीस पोरांमागं एक शिक्षक आहे, पण ते वर्गात बाकावर बसलेल्या पोरांचं गणित. दुपारी चारला दमलेली, भुकेली, एक गच्चीवर एक टॉयलेटमध्ये अशी पोरं तीस एका बाईला झेपत नाहीत. न्यूयॉर्क राज्यात शाळकरी पोरांच्या अशा केंद्रांना नऊ वर्षांपर्यंत दहा पोरांमागं एक आणि दहा ते बारा वयाला पंधरा पोरांमागं एक असा नियम आहे. आपण तोच उचलूया, वाईट नाही. आणि पोरं आठच असली तरी मोठी माणसं कायम दोन, कारण एकाचं डोकं फुटलं तर एक माणूस त्याच्याबरोबर दवाखान्यात जातं, मग उरलेल्या सातांजवळ कोण?

पोरगं कुणाच्या हातात दिलं

माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे आणि ह्याच्यावर कुठल्याच खात्याचा कागद नाही. साडेसहाची वेळ, गेटवर गाड्यांची गर्दी, एकजण स्प्लेंडरवरनं न उतरता म्हणतो, "काकू, मी हिचा मामा, दीदीला बँकेत उशीर होणाराय, हिला द्या पाठवून." आणि पोरगी पण मामा मामा करत पळत जाते. देणार का?

नाही द्यायचं. पोरीनं ओळखलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. ॲडमिशनच्या फॉर्मवर न्यायला येणाऱ्या माणसांची नावं आणि फोटो पाहिजेत, जास्तीत जास्त चार, आणि यादीत नसलेला कुणी आला तर आईला फोन, तो पण फॉर्मवरच्या नंबरवर. समोरचा म्हणतो "हे घ्या दीदीच बोलतेय" आणि स्वतःचा मोबाईल पुढं करतो, तो घ्यायचा नाही. गोड बोलायचं, "दादा, आत या, बसा, पाणी घ्या, मी लावते फोन." खरा मामा असेल तर त्याला राग येतो, येऊ दे. दुसऱ्या दिवशी त्याचीच बहीण बरं वाटलं म्हणते.

आईबाबा वेगळे राहत असतील तर कोर्टाचा आदेश काय आहे त्याची झेरॉक्स फाईलला लावा. कोर्टाचा आदेश नसेल तर एकाच्या सांगण्यावरनं दुसऱ्याला कायमचं अडवणं तुमचं काम नाही, ते दोघांकडनं लेखी घ्या. आणि बाप पिऊन गाडीवर आला तर? होतं असं, उगाच नाही कशाला म्हणू. पोराला आतच ठेवायचं, वाद घालायचा नाही, बसवायचं, चहा द्यायचा, तेवढ्यात आईला किंवा यादीतल्या दुसऱ्याला बोलवायचं. ऐकतच नसेल तर ११२.

नेल्यावर सही आणि वेळ, रोज. सगळ्यांची एकदम सहाला अशी संध्याकाळी बसून भरलेली वही लगेच ओळखू येते, एकाच पेनने, एकाच अक्षरात. असली वही नसलेली परवडली.

आणणाऱ्या व्हॅनचं पण इथंच सांगते. आरसी, फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, लायसन ह्यांच्या झेरॉक्स. शाळेच्या बसला महाराष्ट्रात २०११ चे वेगळे नियम आहेत आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, तुमच्या पोरांना आणणारी व्हॅन त्या शाळेच्या समितीच्या यादीत आहे का ते मुख्याध्यापकांना विचारा. शाळेच्या गेटवर किती चढली, तुमच्या गेटवर किती उतरली, हे दोन आकडे एका चिठ्ठीवर, आणि सगळी उतरल्यावर ड्रायव्हरने मागच्या सीटपर्यंत जाऊन बघायचं, झोपलेलं पोरगं खाली सरकलेलं असतं, आरशात दिसत नाही. शाळेतनं आलंच नाही पोरगं तर दहा मिनिटांत आईला फोन, "आज आलं नसेल" म्हणून सोडायचं नाही.

दुखलं खुपलं

आईने लिहून दिल्याशिवाय कुठलंही औषध नाही, तापाचं पण नाही, आणि लिहून देताना औषधाचं नाव, किती एमएल, किती वाजता. पडलं, लागलं तर ते छोटं असलं तरी वहीत, आणि न्यायला आल्यावर आपण होऊन सांगायचं, घरी जाऊन आईला अंघोळीला टेंगूळ दिसलं की विश्वास गेलाच. डोक्याला मार लागून उलटी झाली, झोपाळलं, काही विचित्र बोललं तर वाट बघायची नाही, १०८ किंवा थेट सिव्हिल, मिरजेच्या बाजूला असाल तर मिरजेत.

कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि लगेच सरकारी दवाखान्यात लस. मिरची नको, चुना नको, हळद सांगलीची असली तरी ती भाजीत, जखमेवर नको.

आठवड्यातनं एक दिवस कोरडा, कुंड्यांच्या ताटल्या, फ्रीजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचं टायर सगळं उपडं करायचं, डेंग्यूचा डास तिथंच वाढतो.

कृष्णामाई

२००५, २०१९, २०२१. सांगलीत राहून पुराचा प्लॅन नसलेलं केंद्र मला कळत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोका पातळी हे आपल्याला पाठ आहे, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. तुमचं केंद्र विश्रामबागेत उंचावर असेल पण पोरगं कुठं राहतं? सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड, सांगलीवाडी ह्या बाजूची पोरं किती, त्यांची वेगळी यादी जूनमध्येच करा. ४० व्हायच्या आधीच त्या पालकांशी ठरवून घ्या की रस्ता बंद झाला तर पोरगं कुणाकडं जाणार, उंचावरच्या कुठल्या नातेवाइकांकडं, आणि ते नाव न्यायच्या यादीत आहे का. कोयनेतनं विसर्ग वाढवल्याची बातमी आली की पाणी इथं यायला वेळ असतो, तो वेळ फोन करण्यात जाऊ दे, व्हॉट्सॲपवरचे मागच्या पुराचे व्हिडिओ बघण्यात नको. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली की केंद्र पण बंद, पालक कितीही म्हणू देत. फाईल, हजेरी, फॉर्म हे सगळं वरच्या फळीवर आणि मोबाईलमध्ये फोटो काढून.

आता तपासणी

दोन पालक निवडा, दर तिमाहीला नवीन, आणि त्यातला एक तरी असा घ्या ज्याचं तुमच्याशी फारसं पटत नाही. तुमच्या मैत्रिणीला सगळं छानच दिसणार. त्यांना सांगायचं, महिन्यातनं एकदा कधीही या, फोन न करता, आणि शक्यतो साडेतीन ते साडेसहाच्या मध्ये. सकाळी अकराला कुठलंही केंद्र चकाचकच असतं.

कागद एक पानाचा पुरे. मी त्यांना फाईल बघायला लावत नाही, प्रश्न विचारायला लावते. एखाद्या मावशीला विचारा आत्ता आत किती पोरं आहेत, आणि मग मोजा. तिसरीतल्या एखाद्याला विचारा, शिट्टी वाजली की कुठं जायचं. गेट स्वतः आतनं उघडून बघा. आग विझवायच्या सिलेंडरचा काटा वाचा. टॉयलेटमध्ये साबण आहे का, कडी बाहेरनं उघडते का. कालच्या सहीच्या वेळा वाचा. ॲलर्जीच्या यादीतलं एक नाव घेऊन स्वयंपाकीणबाईंना विचारा, ह्याला काय चालत नाही. झालं, पंधरा वीस मिनिटांचं काम.

जे चुकलं ते त्याच कागदावर, पुढं कोण दुरुस्त करणार त्याचं नाव आणि तारीख, आणि कागद दारावर लावायचा, पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. लाज वाटते सुरुवातीला, खरंय. पण "महाराष्ट्रात नंबर एक" असल्या बोर्डापेक्षा "टॉयलेटची कडी खराब, मंगळवारपर्यंत बदलणार" हा कागद बघून नवीन पालक जास्त थांबतात, असं मला तरी दिसलंय. फक्त त्या कागदावर कुठल्या पोराचं नाव, आजार, भांडण येऊ देऊ नका.

आणि खरंच एखादे साहेब आले तर गडबडून जायचं नाही. आधी ओळखपत्र बघायला मागा, तुमचा तो हक्कच आहे, आणि कुठल्या खात्यातनं, कुठल्या कायद्याखाली आलेत ते विचारा. पोरांकडं एक माणूस राहू दे, सगळा स्टाफ साहेबांच्या मागं फिरत बसला आणि पोरं मोकळी, असं नको. फाईल दाखवा, नसलेला कागद "आहे, घरी आहे" म्हणू नका, नाही म्हणा आणि कधीपर्यंत देताय ते सांगा. शाळेत असतं तसं शेरेबुक ठेवा, त्यात त्यांचा शेरा, सही, शिक्का घ्या. जे सांगितलं ते केल्यावर फोटोसकट लेखी कळवा आणि पोच घ्या. चहा जरूर विचारा. चहाच्या पुढचं काही मागितलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे, तो पण बाकीच्या नंबरांबरोबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, येणाऱ्याला दिसेल असा.